सलामाची कॉर्ड

माझ्या नवऱ्याने, कुआंदिकने, आयुष्यभर बायानच्या डाव्या बाजूची तीनच बटणं वापरली. बायान म्हणजे पट्ट्यांऐवजी बटणं असलेलं अकॉर्डियन. उजव्या हाताने चाल वाजवायची, आणि डाव्या हाताचं एक बटण दाबलं की तीन सूर एकदम वाजतात, म्हणजे अख्खी कॉर्ड. त्या बाजूला ओळीने बटणंच बटणं आहेत. त्यातल्या तिनांवर त्याने निम्म्या जिल्ह्याची लग्नं लावली आणि कोणाची कधी तक्रार आली नाही. बाकीची बटणं मी दर नौरूझच्या सणाला ओल्या फडक्याने पुसते.

मग ऑगस्टमध्ये माझ्या धाकट्या दिराचा, राइमबेकचा अल्माटीहून फोन आला. त्याचं लग्न ठरलं होतं, सप्टेंबरच्या शेवटी नवरी, झेरे, आमच्या आउलात, म्हणजे गावात, येणार होती. फोन स्पीकरवर होता आणि मी कणीक मळत होते.

"आगा, बेताशार तूच वाजव," राइमबेक थोरल्या भावाला म्हणाला. "सेइलखान गाईल, तू साथ दे. फक्त जरा..."

"जरा काय?"

"नाही म्हणजे, झेरेचे वडील कॉन्सर्वेटरीत हार्मनी शिकवतात. झेरेही तिथलीच, कॉयरचं दिग्दर्शन शिकलीय. तुझं ते ढम्-चक ढम्-चक आपल्यात ठीक आहे, पण तीन कॉर्डवर सगळं गाणं..."

कुआंदिकने फोन ठेवला, स्वतःच्या डाव्या हाताकडे एकदा पाहिलं आणि अंगणात जाऊन लाकडं फोडायला लागला. लाकडांची काही गरज नव्हती.

घरात बेताशारचा घोर लागलेलं आणखी एक माणूस होतं, ते म्हणजे माझ्या सासूबाई. आम्ही सगळे त्यांना अपा म्हणतो. बेताशारमध्ये नवरी तोंडावर ओढणी घेऊन उभी राहते, गाणारा सासरच्या एकेकाचं नाव घेतो, कडवं 'एक सलाम' म्हणून संपतं आणि नवरी त्या माणसाला वाकून सलाम करते. सगळ्यांचे सलाम झाले की ओढणी वर होते आणि ती घरची होते. मागच्या वर्षी अपांच्या धाकट्या जावेकडे शहरातली सून आली. तिथे माइकवाल्याने घाई केली, पाचसहा नावं एका दमात घेतली, नवरी एकदाच वाकली आणि जाऊबाईंच्या वाट्याला त्या सलामाचा तुकडासुद्धा आला नाही. आउलात त्यावर अजून बोलतात, आणि बोलणाऱ्यांत अपा सगळ्यांत पुढे असतात.

"मुलगा आता झेरेचा, घरही तिचं अल्माटीत," अपा म्हणाल्या. "माझं काही म्हणणं नाही. शिकलेल्या मुलीची मान जरा ताठ असणारच. पण सगळ्या आउलादेखत मला एक सलाम नीट झाला पाहिजे. दुसरं काही मी मागितलेलं नाही."

त्यांनी खरंच दुसरं काही कधी मागितलेलं नाही. मी त्यांच्या घरात एवढी वर्षं आहे, मला माहीत आहे.

लाकडं संपल्यावर कुआंदिकने ते पुस्तक शोधून काढलं. ताराझच्या संगीत विद्यालयात असताना घेतलेला रशियन संदर्भग्रंथ, विषय हार्मनी, खंड पहिला. जाडजूड, तपकिरी पुठ्ठ्याचा. गेली कित्येक वर्षं तो प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून मी कुरुतासाठी, म्हणजे दह्याच्या वाळवलेल्या गोळ्यांसाठी, दही गाळताना पुरचुंडीवर वजन म्हणून ठेवत असे, आणि त्या कामाला तो उत्तम होता. कुआंदिकने तो धुतल्यासारखा पुसला आणि चहा झाल्यावर जेवणाच्या टेबलावर उघडला.

"बागिला, तू गणिताची," तो मला म्हणाला. "इकडे बस. यात आकडे आहेत."

मी शाळेत गणित शिकवते. मला वाटलं, आकडे असतील तर उकलेल. सप्तकातल्या प्रत्येक सुरावर एक कॉर्ड उभी राहते, तिला पहिली, दुसरी, तिसरी असं म्हणतात, तिथवर सगळं ठीक होतं. मग पुस्तक म्हणालं की चालीतला कुठलाही सूर घ्या, तो तीन वेगवेगळ्या कॉर्डमध्ये सापडतो.

"म्हणजे हा 'सा' पहिल्या कॉर्डमध्येही आहे, चौथीतही आणि सहावीतही," कुआंदिक बोट ठेवून म्हणाला.

"मग याच्याखाली कुठली वाजवायची?"

"तिन्ही चालतात."

"तिन्ही नाही चालत. उत्तर एक असतं."

"इथे लिहिलंय, कार्य आणि रुची पाहून ठरवावे."

"कार्य म्हणजे?"

त्याने पानं उलटली. कार्य या शब्दाखाली लिहिलं होतं, कॉर्डचा इतर कॉर्डशी असलेला संबंध. संबंध या शब्दाखाली लिहिलं होतं, पाहा कार्य. मी माझ्या सातवीच्या पोरांना असं शिकवलं असतं तर पालकांनी मला घरी पाठवलं असतं.

तरी आम्ही हटलो नाही. कुआंदिकने बेताशारची चाल कागदावर मांडली आणि सुराखाली सूर धरून प्रत्येकाला एकेक कॉर्ड वाटली. दोन संध्याकाळी गेल्या. मग त्याने बायान मांडीवर घेऊन ते वाजवलं. चाल पाऊल टाकी, थांबे, पुन्हा पाऊल टाकी. पायात खडा गेल्यासारखी ती लंगडत होती.

पलीकडच्या खोलीतून अपा म्हणाल्या, "कुआंदिक, घोड्याला नाल ठोकतोयस का?"

त्याने पुस्तक पुन्हा उघडलं. पुढच्याच प्रकरणात लिहिलं होतं की प्रत्येक सुराला कॉर्ड द्यायची नसते, काही सूर नुसते वाटेतले असतात.

"कुठले वाटेतले?" मी विचारलं.

"ज्यांना कॉर्ड लागत नाही ते."

"आणि कॉर्ड कोणाला लागत नाही?"

"जे वाटेतले आहेत त्यांना," तो म्हणाला, आणि त्याचं त्यालाच हसू आलं. पण ते हसू फार वेळ टिकलं नाही. तो खरोखर गोंधळला होता, आणि माझा गोंधळ त्याच्याहून मोठा होता, कारण मला तर वाजवताही येत नाही. मला राग याचा येत होता की हा माणूस पोरवयापासून वाजवतोय, त्याच्या बोटांना कुठे काय हवं ते ठाऊक आहे, आणि पुस्तक उघडलं की तीच बोटं परक्याच्या घरी आल्यासारखी अंग चोरून बसतात.

मधेच एकदा सेइलखान चहाला आला. तो कुआंदिकचा चुलतभाऊ. आमच्याकडचे सगळे बेताशार तोच गातो, आणि त्याची जीभ अशी की नवरीचं कौतुक करता करता सासऱ्याची कंजुषीही बाहेर काढतो. त्याने पुस्तकात डोकावून पाहिलं.

"हे काय लिहिलंय?"

"पाच सुरांच्या अंतरावरचे दोन आवाज बरोबरीने चालू नयेत," कुआंदिकने वाचलं. "सक्त मनाई आहे."

"का?"

"ते लिहिलेलं नाही."

"माझ्या दोंब्ऱ्याला दोनच तारा," सेइलखान तळलेला बौरसाक तोंडात टाकत म्हणाला. "त्यांनी बरोबरीने चालायचं नाही तर काय, घटस्फोट घ्यायचा? तू काय वाजवायचं ते वाजव रे. मी माझं गाईन. फक्त मधे शिरू नको."

तालमीला येशील का, असं विचारल्यावर तो एवढा हसला की कपातला चहा सांडला. बेताशारची तालीम कोणी करत नाही.

हळूहळू आम्हाला थोडं उमगायला लागलं. निदान असं वाटायला लागलं. पहिली कॉर्ड म्हणजे घर. चौथी म्हणजे बाहेर पडणं. पाचवी म्हणजे परत येऊन दारावर हात ठेवणं. दार उघडलं की पुन्हा पहिली, आणि गाणं टेकतं. कुआंदिकची तीन बटणं म्हणजे हीच तीन, एक, चार आणि पाच. हे कळल्यावर त्याने ती तिन्ही एकेकदा दाबून पाहिली.

"म्हणजे मी बरोबरच वाजवत होतो," तो म्हणाला.

"मग मिटलं. ठेव ते पुस्तक."

"पण मग एवढ्या जाड पुस्तकात बाकी काय आहे?"

हा प्रश्न त्याला पडायला नको होता. त्या बाकीच्यातच त्याला ती कॉर्ड सापडली. पाचवीनंतर कान पहिलीची वाट बघत असतो, तेव्हा पहिली द्यायची नाही. चालीचा शेवटचा सूर तोच ठेवायचा, पण त्याच्याखाली सहावी लावायची. तो सूर तीन कॉर्डमध्ये राहतो हे आम्हाला पहिल्याच दिवशी कळलं होतं. ते कशासाठी, ते आत्ता कळलं.

त्याने वाजवलं. मी भांडी धूत होते, माझा हात पाण्यातच राहिला. कोणीतरी दारापर्यंत यावं, बूट काढावेत, आणि आत न येता तसंच उभं राहावं, तसं झालं. चाल तीच, शेवटही तोच, पण संपल्यासारखं वाटेना.

"पुन्हा वाजव," मी म्हटलं.

त्याने पुन्हा वाजवलं. माझ्या नवऱ्याचे डोळे भरले होते. त्याच्या वडिलांना मातीत ठेवलं तेव्हाही मी त्याला असं पाहिलं नव्हतं.

"हे अपांसाठी," तो म्हणाला. "बाकी सगळ्यांना माझी तीन बटणं पुरे. अपांच्या कडव्याला ही. राइमबेकच्या सासऱ्यालाही कळेल, आणि अपांचा मानही राहील."

"पण हे संपत नाही."

"शब्द संपतात ना. सेइलखान 'एक सलाम' म्हणेल, आणि खाली हे वाजेल."

"पुस्तक काय म्हणतं? यानंतर काय करायचं असतं?"

त्याने पानाच्या तळाशी पाहिलं. तिथे लिहिलं होतं, यापुढे काय करावे, पाहा खंड दुसरा. दुसरा खंड त्याने कधी घेतलाच नव्हता.

"बेताशारमध्ये कोण दुसऱ्या खंडापर्यंत जातंय," कुआंदिक म्हणाला आणि पुस्तक मिटलं. मला ते पटलं. खरं सांगायचं तर मला ती कॉर्ड इतकी आवडली होती की काहीही पटलं असतं.

लग्नाचा दिवस उजाडला. अंगणात माणसं मावेनात. खुर्च्यांवर एका बाजूला आमची मोठी माणसं, मधोमध अपा, पांढरी किमेशेक डोक्यावर, हात मांडीवर. दुसऱ्या बाजूला अल्माटीचे पाहुणे. झेरेचे वडील तेमिरगाली उंच, वाकलेले, जाड चष्म्याचे गृहस्थ. ते शेजारच्याच्या कोंबड्यांकडे फार कुतूहलाने बघत होते.

नवरीला दोन्ही कोपरांना धरून उभं करायला दोन बायका लागतात. एक मी, थोरली जाऊ म्हणून, आणि दुसरी शेजारची शारिपा. आतल्या खोलीत ओढणी घालताना झेरेने माझा हात धरला. बारीक, थंड बोटं होती तिची. मला ती ताते म्हणायची, म्हणजे ताई.

"ताते, मला या ओढणीतून काही दिसत नाहीये," ती म्हणाली. "आणि तो स्पीकर नुसता घोगरतोय, शब्द कळत नाहीत. कोणाला कधी वाकायचं ते मला कसं कळणार? काही चुकलं तर..."

"काही चुकत नाही," मी म्हटलं. "तू संगीतातली ना? मग शब्द सोड. गाणं टेकलं की वाक. एवढं सोपं आहे."

"गाणं टेकलं की," ती म्हणाली आणि तिने सुटकेचा श्वास सोडला.

पांढऱ्या कापडावरून आम्ही तिला पुढे आणलं. सेइलखान दोंब्ऱ्याला रंगीत फिती बांधून उभा होता. त्याच्या मागे स्टुलावर कुआंदिक, मांडीवर बायान. त्याच्या कपाळावर आत्तापासूनच घाम होता. गाणं सुरू झालं. पहिला सलाम आमच्या गेलेल्या सासऱ्यांना आणि पितरांना. स्पीकरमधून सेइलखानचा आवाज टिनाच्या पत्र्यावर गारा पडाव्यात तसा येत होता, पण खालचं बायान स्वच्छ होतं. चौथी, पाचवी, पहिली. गाणं टेकलं आणि झेरे वाकली, अशी सुरेख की बायकांमध्ये कुजबूज झाली. दुसरा सलाम थोरल्या काकांना. चौथी, पाचवी, पहिली. पुन्हा वाकली. तिच्या कोपराला मला बोटसुद्धा लावावं लागत नव्हतं.

तिसरं कडवं अपांचं. सेइलखानने त्यांना अंगणातलं जुनं सावलीचं झाड म्हटलं, त्यांच्या हातच्या चहाला गावभर कुठे तोड नाही म्हणाला, आणि जीभ आवरता न आल्यामुळे त्या चहात साखर कमी असते हेही सांगून टाकलं. लोक हसले. अपा हसल्या नाहीत. त्या नवरीकडे बघत होत्या. मग चाल खाली यायला लागली. पाचवी वाजली.

"सासूबाईंना एक सलाम," सेइलखानने शेवटचा सूर धरला.

आणि कुआंदिकने सहावी लावली.

झेरेची मान पुढे आली होती. ती तिथेच थांबली. तिचं सगळं अंग त्या पहिल्या कॉर्डची वाट बघत होतं, आणि ती आलीच नाही. पलीकडून शारिपाने तिचं कोपर खाली दाबलं. मी दाबलं नाही. मला दाबायला हवं होतं, मला शब्द कळले होते, पण पंधरवडाभर रोज संध्याकाळी ऐकून ती कॉर्ड माझ्याही हाडांत शिरली होती. माझाच हात खाली जाईना. त्यामुळे नवरी एका बाजूने वाकली आणि दुसऱ्या बाजूने ताठ उभी राहिली.

सेइलखानचा सूर संपला, त्याने घाईने पुन्हा 'एक सलाम' म्हटलं. झेरे हलली नाही. मागून कोणीतरी म्हणालं, "वाकत नाहीये." दुसरं कोणी म्हणालं, "शहरातली आहे." राइमबेकचा चेहरा पांढरा पडला. कुआंदिक ती कॉर्ड धरून बसला होता, भाता पूर्ण उघडत आला होता आणि यापुढे काय करायचं हे त्याला माहीत नव्हतं. ते दुसऱ्या खंडात होतं.

मी अपांकडे पाहिलं. त्यांचे ओठ आवळले होते. त्या म्हातारीने आयुष्यात एकच गोष्ट मागितली होती, सगळ्या आउलादेखत, आणि ती सगळ्या आउलादेखतच राहून गेली होती. मला झेरेचा राग आला, नवऱ्याचा आला, त्या पुस्तकाचा आला. मला नक्की कोणावर रागवावं तेच कळेना.

तेवढ्यात अपा उठल्या. ओढणी वर होईपर्यंत सासूने जागेवरून उठायचं नसतं. त्या उठल्या, पांढऱ्या कापडावरून चालत आमच्यापर्यंत आल्या आणि त्यांनी आपल्या हाताने ओढणीची कड जराशी उचलली. वरून नाही, खालून, आत डोकावता येईल एवढीच.

"काय झालं, बाळा?" त्या म्हणाल्या. हळूच म्हणाल्या, पण माझा कान तिथेच होता. "बरं वाटत नाही का?"

"नाही, अपा," आतून झेरे म्हणाली. तिचा आवाज रडवेला होता. "मी गाणं संपायची वाट बघतेय. ते संपतच नाहीये."

अपांनी मान वाकडी करून ऐकलं. भात्यातली शेवटची हवा चालली होती, कॉर्ड बारीक होत होती, तरी उभीच होती.

"खरंच की," अपा म्हणाल्या. "संपलं नाही." मग त्या मुलाकडे वळल्या आणि मोठ्याने म्हणाल्या, "कुआंदिक, काय मांडलंयस हे? पोरगी ताटकळलीय. संपव ते."

कुआंदिकने घाबरून भाता उलटा फिरवला आणि एक बटण दाबलं. चुकीचं. मग दुसरं, ते आणखी चुकीचं. माझ्या नवऱ्याचा डावा हात, ज्याला तीन बटणं झोपेतही सापडायची, तो आंधळ्यासारखा चाचपडत होता. पाहुण्यांमध्ये तेमिरगाली उभे राहिले होते, त्यांचे ओठ हलत होते, पण व्याह्याने मांडवात उठून मुलाकडच्यांना सुधारायचं कसं, म्हणून ते पुन्हा अर्धे बसले.

नव्या सुनेने थोरल्या दिराशी बोलायचं नसतं. झेरेने ते पाळलं. ती माझ्या कानाशी लागली.

"ताते, त्यांना सांगा, परत पाचवी, मग पहिली."

"कुआंदिक," मी ओरडले, "परत पाचवी, मग पहिली!"

मी शाळेतली, लोकांना वाटलं बाईंनी वर्ग बोलावले. हशा पिकला. पण कुआंदिकचा हात आपल्या जागी आला. पाचवी. आणि मग पहिली, भरदार, सगळ्या भात्यानिशी. गाणं टेकलं.

झेरे वाकली. आधीचे सलाम तिने लांबून केले होते. आता अपा तिच्या अगदी समोर उभ्या होत्या, आणि वाकायला मधे जागाच नव्हती. तिचं कपाळ ओढणीसकट अपांच्या छातीवर टेकलं. अपांनी दोन्ही हातांनी तिचं डोकं धरलं आणि धरूनच ठेवलं. त्यांची किमेशेक एका बाजूला सरकली, ती त्यांनी सावरली नाही. बायका रडायला लागल्या. शारिपा तर माझ्याच खांद्यावर रडली. सेइलखानने शहाणपणा केला आणि पहिल्यांदाच आयुष्यात काही बोलला नाही.

पुढचे सलाम झाले, ओढणी वर झाली, खाऊ उधळला, पोरं त्यावर तुटून पडली. मांसाच्या ताटांवर सगळे बसले तेव्हा तेमिरगाली स्वतः कुआंदिकपाशी आले. कुआंदिक उठून उभा राहिला. तो माफी मागायच्या तयारीत होता.

"मी तीस वर्षं ही जागा शिकवतोय," व्याही म्हणाले. "पोरं वहीत बरोबर लिहितात आणि पास होतात. पण ती ऐकून कोणी खरंच थांबलेलं मी आज पहिल्यांदा पाहिलं."

"ते चुकून झालं," कुआंदिक म्हणाला.

"हो, ते कळलं मला," तेमिरगाली म्हणाले, आणि स्वतःच्या हाताने काझीचा, म्हणजे घोड्याच्या मांसाच्या सॉसेजचा, सगळ्यांत जाड तुकडा त्याच्या ताटलीत ठेवला. कुआंदिकला हे कौतुक होतं की चेष्टा, ते अजून कळलेलं नाही. त्याने मला विचारलं, मलाही नाही.

संध्याकाळी पाहुणे शेजारच्या घरी टेकायला गेले. मी स्वयंपाकघरात पेले विसळत होते. कुआंदिक बायान मांडीवर घेऊन बाकावर बसला होता, वाजवत नव्हता.

"मी घाण केली का गं?" त्याने विचारलं.

"नाही," मी म्हटलं.

घाण झालीच नव्हती. उद्या सकाळपासून आउलात एकच बोलणं असणार होतं, की अपांना सलाम असा झाला की तसा कोणाच्याच सासूला झाला नाही. मी त्यांच्यासाठी खूष होते. आणि तरी दिवसभर मला काहीतरी टोचत होतं. ते काय होतं ते सांगते. हेवा. माझ्या बेताशारला सेइलखानचे वडील गायले होते. दोंबरा होता, दोन तारा, प्रत्येक कडवं वेळेवर संपलं. अपांच्या नावावर मी जिथे वाकायचं तिथे वाकले, नीट, कोणी बोट ठेवू नये अशी. त्यांनी खुर्चीतून मान हलवली आणि गाणं पुढे गेलं. त्यानंतर त्या मला कधी वाईट बोलल्या नाहीत, आणि कधी जवळही घेतलं नाही. माझ्या पहिल्या मुलाच्या वेळी मी दोन दिवस कळा देत होते, तेव्हासुद्धा त्या दारात उभ्या राहून विचारायच्या, काही हवंय का. मी नाही म्हणायचे. सगळं बरोबर झालं होतं आमचं.

"ती वाजव ना," मी कुआंदिकला म्हटलं. "पाचवी, मग सहावी."

"आता कशाला?"

"वाजव तर."

त्याने वाजवली. पाचवी आली, मग दारात उभी राहिलेली ती दुसरी. तो पुढे जायला निघाला, त्याला आता पुढचं येत होतं.

"थांब," मी म्हटलं. "एवढ्यात संपवू नको."

त्याने माझ्याकडे पाहिलं आणि भाता हळू केला. कॉर्ड तशीच राहिली. भिंतीपलीकडे अपा खुर्चीत बसल्या होत्या. त्यांना ऐकू जात होतं, त्यांना सगळं ऐकू जातं. मी पेला हातात धरून उभी होते, पाणी कोपरापर्यंत ओघळत होतं, आणि मी वाट बघत होते.

खुर्ची कुरकुरली.

"कुआंदिक," अपा म्हणाल्या, "पुन्हा अडलं का रे तुझं? त्या पोरीला बोलाव, ती सांगेल."

कुआंदिकने बटणावरचा हात काढला.

"बोलावते, अपा," मी म्हटलं, आणि हात पुसून बाहेर गेले.